शेवटच्या दहा मिनिटांची गोष्ट

2006 साली बीबीसीवर ‘प्लॅनेट अर्थ’ ही मालिका सुरू झाली. तिच्या कोणत्याही भागात पहिली पन्नासेक मिनिटं माणूस जवळजवळ दिसतच नाही. हिमकडे, वाळवंटं, पाण्याखालची जंगलं आणि त्यांवर डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचा आवाज, बस. मग संगीत थांबतं आणि दाढी वाढलेला, थंडीने नाक लाल झालेला एखादा कॅमेरामन पडद्यावर येतो. आजही काही दिसलं नाही, असं सांगतो. पुढची दहा मिनिटं गोष्ट त्याची असते. या जोडभागाचं नाव होतं ‘प्लॅनेट अर्थ डायरीज’.

आता हे इतकं अंगवळणी पडलं आहे, की निसर्गपट म्हटला की शेवटी ‘हे कसं टिपलं’ येणारच असं आपण धरून चालतो. ही दहा मिनिटं आली कुठून, याचं पहिलं उत्तर मात्र अगदी हिशेबी आहे. बीबीसीवर जाहिराती नसतात, त्यामुळे तासाचा कार्यक्रम म्हणजे जवळजवळ तासभराचं चित्रण लागतं. पण ‘प्लॅनेट अर्थ’चा खर्च होता सुमारे 1 कोटी 60 लाख पौंड. एवढा भार एकट्याने उचलणं अवघड, म्हणून अमेरिकेची डिस्कव्हरी वाहिनी आणि जपानची एनएचके यांना भागीदार केलं होतं आणि मालिका जगभर विकायची होती. जाहिराती दाखवणाऱ्या वाहिन्यांना तासाला पन्नास मिनिटांहून जास्त कार्यक्रम नकोच असतो. तेव्हा मूळ भाग आखूडच करायचा आणि ब्रिटनमध्ये उरलेली जागा अशा मजकुराने भरायची, जो परदेशी वाहिनीने कापून टाकला तरी काही बिघडणार नाही. पडद्यामागचं चित्रण याला सोयीचं होतं. माणसं जागेवर गेलेलीच असतात. त्यांच्यातल्याच कुणीतरी हातात मावणाऱ्या कॅमेऱ्यावर ते करायचं. वेगळं विमानभाडं नाही, वेगळी परवानगी नाही.

वेळापत्रकातली फट बुजवायला निघालेला प्रकार असा लोकांना आवडून गेला. पण कॅमेऱ्यामागच्या माणसाला पुढे आणण्याची रीत याहून शंभर वर्षं जुनी आहे आणि दर खेपेला ती वेगळ्या गरजेतून वर आली आहे. त्या गरजा पाहिल्या, की या दहा मिनिटांत काय दाखवतात आणि काय राहून जातं, हे दोन्ही उलगडतं.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे भाऊ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्ष्यांचे फोटो काढू लागले. तेव्हाचे कॅमेरे म्हणजे अवजड लाकडी पेट्या, आणि दूरचं जवळ आणणारी आजच्यासारखी लेन्स नाही. घरट्याच्या अगदी जवळ जावंच लागे. म्हणून 1900 च्या सुमारास त्यांनी बैलाचं कातडं एका पोकळ सांगाड्यावर चढवलं आणि आत कॅमेऱ्यासह माणूस बसवला. कुरणात बैल उभा आहे म्हटल्यावर पक्षी बिचकत नाही, हा हिशेब. गंमत अशी, की त्यांच्या पुस्तकांत पक्ष्यांच्या फोटोंबरोबर या उद्योगांचेही फोटो भरपूर आहेत: पोकळ बैल, दोराला लटकून समुद्रकड्यावरून उतरणारा भाऊ, एकाच्या खांद्यावर उभा राहून घरट्याशी पोचलेला दुसरा. हे फोटो छापण्यामागे हौस होती तसा एक दावाही होता. हा पक्षी पिंजऱ्यातला नाही, पेंढा भरून फांदीवर बसवलेलाही नाही. बघा, त्याच्यासाठी आम्ही काय केलं ते. मेहनतीचा पुरावा हाच खरेपणाचा पुरावा, हे सूत्र तिथे जन्मलं. पुढची सव्वाशे वर्षं तेच चालत आलं आहे, आणि त्यातच एक मोठी फट आहे. तिच्याकडे नंतर येऊ.

चलचित्रांतही हेच झालं. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेबरोबर गेलेला हर्बर्ट पाँटिंग याचा ‘द ग्रेट व्हाइट सायलेन्स’ 1924 साली आला. त्यात पेंग्विन आणि सील आहेतच, पण ‘टेरा नोव्हा’ जहाजाच्या बाजूने फळ्या बाहेर काढून त्यांच्या टोकाला ओणवा झालेला, खाली फुटणारा बर्फ टिपणारा पाँटिंग स्वतःही आहे.

टेलिव्हिजन घरोघरी पोचू लागलं तेव्हा, 1950 च्या दशकात, पडद्यापुढचं आणि पडद्यामागचं असा भेदच नव्हता. आर्मान्ड आणि मिकेला डेनिस या जोडप्याच्या एका बीबीसी मालिकेचं नावच ‘फिल्मिंग इन आफ्रिका’ होतं. 1954 साली सुरू झालेल्या ‘झू क्वेस्ट’मध्ये तरुण अ‍ॅटनबरो आणि कॅमेरामन चार्ल्स लेगस लंडनच्या प्राणिसंग्रहालयासाठी प्राणी शोधत फिरायचे, आणि तो शोध हीच गोष्ट असायची. खरं तर पडद्यावर यायचे होते प्राणिसंग्रहालयाचे जॅक लेस्टर. ते आजारी पडले म्हणून निर्मात्यालाच, म्हणजे अ‍ॅटनबरो यांना, पुढे यावं लागलं. शोधाचीच गोष्ट करण्याला तांत्रिक कारणही होतं. 16 मिलिमीटरच्या फिल्मचं शंभर फुटी रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं. कॅमेऱ्याला किल्ली द्यावी लागे, तो खडखड करी, अंधुक उजेडात फिल्मवर काही उमटत नसे. एवढ्या सामग्रीवर नुसत्या प्राण्यांची अर्ध्या तासाची सलग गोष्ट रचणं अशक्यच. मधल्या जागा प्रवासाने, होडीने, चिखलात रुतलेल्या गाडीने भरायच्या.

जर्मनीच्या हाइन्झ झीलमान यांनी वेगळी वाट काढली. 1955 साली पीटर स्कॉट यांच्या कार्यक्रमात त्यांचा सुतारपक्ष्यांवरचा चित्रपट दाखवला गेला आणि ब्रिटिश प्रेक्षक थक्क झाले, कारण कॅमेरा ढोलीच्या आत होता. झीलमान यांनी घरट्याचं झाड मागच्या बाजूने कापून तिथे काच बसवली होती आणि मागे लपण उभारून चित्रण केलं होतं. ही युक्ती त्यांनी लपवली नाही. युक्ती कळली म्हणून पक्ष्यांबद्दलचं कुतूहल कुणाचं कमी झालं नाही.

अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांचा रस्ता याच्या नेमका उलटा. ‘ट्रू-लाइफ अ‍ॅडव्हेंचर्स’ ही त्यांची चित्रपटमालिका 1948 साली सुरू झाली. तिच्यात माणसाला जागाच नव्हती. प्राण्यांच्या कथा, संगीत, विनोद, रडू आणणारे प्रसंग. कॅमेरामन दाखवायचे ते स्वतंत्रपणे, डिस्नेंच्या टीव्ही कार्यक्रमात. 1954 च्या ‘कॅमेराज इन आफ्रिका’मध्ये आल्फ्रेड आणि एल्मा मिलोट हे जोडपं सिंहांवरच्या चित्रपटासाठी आफ्रिकेत कसं राहतं ते दाखवलं. पुढच्या वर्षी तो चित्रपट थिएटरांत लागला. म्हणजे पडद्यामागचं दृश्य इथे सरळसरळ जाहिरात होतं, आणि जाहिरातीत जे दाखवायचं तेच दाखवतात.

याच मालिकेतल्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ला 1958 च्या माहितीपटांमध्ये ऑस्कर मिळालं. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने कड्यावरून समुद्रात उड्या घेतात, असं त्यात दिसतं. लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात ही समजूत त्यानंतर जगभर पक्की झाली. 1982 साली कॅनडाच्या सीबीसी वाहिनीच्या ‘द फिफ्थ इस्टेट’ या शोधकार्यक्रमाने ‘क्रुएल कॅमेरा’ नावाचा भाग केला आणि आतली गोष्ट बाहेर काढली. लेमिंग मॅनिटोबातून विकत आणले होते. चित्रण झालं अल्बर्टात, जिथे समुद्रच नाही. पाणी होतं ते नदीचं. थोड्याशा प्राण्यांची झुंड भासवण्यासाठी फिरत्या तबकडीचा वापर केला आणि शेवटी त्यांना कड्यावरून ढकललं. पडद्यामागचा चित्रपट म्हणूनच या भागाकडे पाहायला हवं. फरक एवढाच, की तो आतल्यांनी केला नव्हता, बाहेरच्यांनी केला होता. माझ्या मते या सगळ्या इतिहासात सर्वांत उपयोगी पडलेला पडद्यामागचा चित्रपट हाच.

पण त्याच्या दहा वर्षं आधी आतल्याच लोकांनी एक धाडस केलं होतं, आणि त्यापाशी थोडं थांबायला हवं. ऑक्सफर्डमध्ये जेरल्ड थॉम्पसन नावाचे वनकीटकशास्त्रज्ञ होते. अल्डर झाडाच्या लाकडात अंडी घालणारी गांधीलमाशीसारखी एक माशी, आणि तिच्या अळ्यांना लाकडाबाहेरूनच हुडकून त्यांच्यावर आपली अंडी घालणारे तिचे परजीवी शत्रू, यांवर त्यांनी आणि त्यांचे सहकारी एरिक स्किनर यांनी 1960 च्या सुमारास चित्रपट केला. केसाएवढ्या जाडीची नळी लाकडात खुपसणारी माशी मोठ्या पडद्यावर दाखवायची तर प्रकाश प्रचंड लागतो. प्रकाश म्हणजे उष्णता, आणि उष्णतेने कीटक मरतो किंवा पळतो. शिवाय शेजारून कुणी पाय आपटत गेलं तरी एवढ्या मोठ्या प्रतिमेत भूकंप झाल्यासारखं दिसतं. अशा अडचणी एकेक करून सोडवत शास्त्रज्ञांचा जो गट जमला, त्यातून 1968 साली ‘ऑक्सफर्ड सायंटिफिक फिल्म्स’ ही कंपनी उभी राहिली. त्यांच्यातले पीटर पार्क्स यांनी ‘ऑप्टिकल बेंच’ घडवला. कॅमेरा, दिवा आणि कीटक ही तिन्ही एकाच भक्कम चौकटीवर बसवायची. हादरा बसला तर तिन्ही एकत्र हलतात, आणि चित्र स्थिर राहतं. साधी कल्पना, पण तिने सूक्ष्म जगाचं दार उघडलं.

1972 साली बीबीसीच्या ‘होरायझन’ या विज्ञानमालिकेने या मंडळींवर ‘द मेकिंग ऑफ अ नॅचरल हिस्टरी फिल्म’ हा कार्यक्रम केला. या कंपनीची कामाची पद्धत अशी, की काचेच्या टाकीत ओढ्याचा तळ रचायचा, टेबलावर माती आणि गवत मांडून कुरणाचा तुकडा तयार करायचा, त्यात खरे प्राणी सोडायचे आणि ते आपल्या नेहमीच्या रीतीने वागू लागेपर्यंत वाट पाहायची. म्हणजे आपण ज्याला ‘बनाव’ म्हणून नाक मुरडतो, तेच. पण इथे ताकाला जाऊन भांडं लपवणं नव्हतं. हे सेट, हे दिवे, ही टाकी आम्ही का वापरतो, ते त्यांनी उघड सांगितलं. उंदराचं बिळातलं आयुष्य कुरणात नुसतं जाऊन बसल्याने दिसत नाही. प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञही निसर्गाचा एक तुकडा वेगळा काढूनच निरीक्षण करतो, आणि त्याच्या निष्कर्षांना आपण खोटं म्हणत नाही. खरेपणा जागेवर ठरत नाही, प्राणी कसा वागला यावर ठरतो, असा त्यांचा पक्ष होता. तो सगळ्यांना पटेलच असं नाही, पण निदान तो मांडलेला होता आणि प्रेक्षकाला त्यावर मत बनवता येत होतं. अमेरिकेतल्या सार्वजनिक वाहिनीवर 3 मार्च 1974 रोजी ‘नोव्हा’ ही विज्ञानमालिका सुरू झाली, तिचा पहिलावहिला भाग म्हणून हाच कार्यक्रम दाखवला गेला.

तेवढा मोकळेपणा नंतर क्वचित दिसला. पुढच्या काळात पारडं पुन्हा साहसाकडे झुकलं. केनियात राहणारे अ‍ॅलन आणि जोन रूट हे त्या काळातलं सर्वांत कल्पक जोडपं. वारुळाच्या आत कॅमेरा नेऊन वाळवीचं राज्य दाखवणारा त्यांचा ‘मिस्टीरिअस कासल्स ऑफ क्ले’ 1978 चा. त्यांच्या स्वतःच्या कामावर ‘टू इन द बुश’ हा चित्रपट निघाला. विष थुंकणारा नाग कसं थुंकतो हे दाखवण्यासाठी जोन त्यात चष्मा लावून नागासमोर बसते. म्झिमाच्या झऱ्यात पाण्याखाली चित्रण करताना पाणघोड्याने हल्ला केला. जोनच्या तोंडावरचा पोहण्याचा मुखवटा फाटला आणि अ‍ॅलनची पोटरी दाताने भोसकली गेली. असल्या गोष्टी पाहताना चित्रपटकर्ता हाच नायक होऊन बसतो, आणि त्यात नवल नाही.

बीबीसीची निसर्गपट शाखा ब्रिस्टलला 1957 पासून आहे. 1979 च्या ‘लाइफ ऑन अर्थ’नंतर तिच्या मोठ्या मालिका हा जागतिक व्यवसाय झाला. 1990 ची ‘द ट्रायल्स ऑफ लाइफ’ ही प्राण्यांच्या वर्तनावरची बारा भागांची मालिका. पॅटागोनियाच्या किनाऱ्यावर सीलायनची पिल्लं उचलणारे ओर्का, जंगलात माकडांची शिकार करणारे चिंपांझी ही दृश्यं तिच्यातलीच. तिच्या जोडीला ‘वन्स मोअर इन्टू द टर्माइट माउंड’ हा पूर्ण लांबीचा पडद्यामागचा कार्यक्रम आला. ओर्कांचं चित्रण करणारे लोक खुद्द त्या पाण्यात उतरले होते, हे पाहिल्यावर मूळ दृश्याची भीती दुप्पट होते. व्हिडिओ कॅसेट आणि मग डीव्हीडी आल्या तसे असे कार्यक्रम ‘जादा मजकूर’ म्हणून विकता येऊ लागले. 2006 साली त्यांना प्रत्येक भागाच्या शेपटीला कायमची जागा मिळाली. मग ‘लाइफ’ला ‘लाइफ ऑन लोकेशन’, ‘फ्रोझन प्लॅनेट’ला ‘फ्रीझ फ्रेम’, ‘आफ्रिका’ला ‘आय टू आय’, ‘ब्लू प्लॅनेट 2’ला ‘इन्टू द ब्लू’ अशी शेपटी लागतच गेली.

अशी डायरी तयार कशी होते? बहुतेक शूटिंगवर माणसं फार नसतात: कॅमेरामन, दिग्दर्शक किंवा सहायक निर्माता, जागेचा माहीतगार, कधी एखादा शास्त्रज्ञ. मुख्य कॅमेरा प्राण्यावर रोखलेला असतो. दुसरा, छोटा कॅमेरा सहायक निर्मात्याच्या हातात. तो तंबू, बर्फ, बिघडलेली गाडी टिपतो आणि रात्री कॅमेरामनला दिवसभराचं विचारतो. महिन्याभराच्या या फुटकळ चित्रणातून ब्रिस्टलच्या संकलन खोलीत दहा मिनिटांची गोष्ट शोधली जाते, आणि तिचा साचा ठरलेला आहे. आधी अवघड उद्दिष्ट, मग लांबलचक प्रतीक्षा, मग हवामानाचा किंवा यंत्राचा दगाफटका. परतीचे दिवस मोजणं सुरू होतं, आणि अगदी शेवटी प्राणी येतो. हा क्रम खोटा नसतो. पण ज्या शूटिंगमध्ये प्राणी शेवटपर्यंत आलाच नाही ते मूळ भागातच नसतं, म्हणून त्याची डायरीही सहसा नसते. त्यामुळे धीर धरला की निसर्ग दर्शन देतोच, अशी एक भोळी समजूत प्रेक्षकाच्या मनात रुजते. ज्यांनी जंगलात दिवस काढलेत त्यांना ती किती चुकीची आहे ते ठाऊक असतं.

‘प्लॅनेट अर्थ’मधला हिमबिबट्या हे या साच्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. पाकिस्तानातल्या चित्रालच्या डोंगरांत, अफगाण सीमेपासून जवळच, कॅमेरामन मार्क स्मिथ आणि पाकिस्तानी चित्रपटकर्ते निसार मलिक यांनी वेगवेगळ्या हंगामांत मिळून दीर्घकाळ तळ ठोकला. शेवटी मारखोर या रानबोकडाचा पाठलाग करत उभ्या कड्यावरून झेपावणारी मादी त्यांना मिळाली. मारखोर नदीत उडी टाकून निसटला. डायरी पाहिली नसती तर ही दोन मिनिटं आपण चहाचा घोट घेत पाहून सोडून दिली असती. मेहनत कळल्याने दृश्याची किंमत वाढते, आणि वाहिन्यांना हे पुरतं उमगलं आहे.

डायऱ्यांचा आणखी एक उपयोग मला मोलाचा वाटतो, तो म्हणजे यंत्रांची ओळख. हेलिकॉप्टरच्या पोटाला लटकवलेला, जायरोस्कोपने स्थिर राहणारा ‘सिनेफ्लेक्स’ कॅमेरा ‘प्लॅनेट अर्थ’मुळेच लोकांना माहीत झाला. हेलिकॉप्टर इतक्या दूर ठेवता येतं, की पंख्याच्या आवाजाने रानकुत्रे विचलित होत नाहीत, आणि लेन्स इतकी लांबची, की शिकारीचा सगळा डाव वरून नकाशासारखा दिसतो. कळपाने केलेली शिकार नेमकी कशी आखलेली असते, हे जमिनीवरून कधी समजलंच नसतं.

आता ‘मेहनत हाच पुरावा’ या सूत्रातली ती फट. मेहनत खरी असली म्हणजे दृश्य खरं असतं का?

2011 च्या ‘फ्रोझन प्लॅनेट’मध्ये बर्फाखालच्या गुहेत ध्रुवीय अस्वलीण पिल्लांना जन्म देते. हे दृश्य नेदरलँड्समधल्या एका प्राणिसंग्रहालयात, मुद्दाम कॅमेरे बसवलेल्या गुहेत चित्रित झालं होतं. जंगलातल्या गुहेत कॅमेरा घालणं अस्वलाच्या आणि माणसाच्या दोघांच्याही जिवावर बेतलं असतं, हे बरोबरच. बीबीसीने आपल्या संकेतस्थळावर हे सांगितलंही होतं. पण कार्यक्रमाच्या निवेदनात ते नव्हतं, आणि डिसेंबरमध्ये वृत्तपत्रांनी गदारोळ केला. ध्रुवावरच्या हिवाळ्याचं वातावरण उभं करत असताना मधेच प्राणिसंग्रहालयाचा उल्लेख केला तर सगळा परिणाम जाईल, असं अ‍ॅटनबरो यांचं म्हणणं पडलं. ते मान्य केलं तरी पुढचा प्रश्न उरतोच: ज्या मालिकेच्या भागांना शेवटी दहा मिनिटं पडद्यामागची होती, तिने हीच गोष्ट तिथे का सांगू नये? त्या शेपटीचं दुसरं प्रयोजन काय?

2011 मध्येच आलेल्या ‘ह्यूमन प्लॅनेट’चं प्रकरण अधिक लाजिरवाणं. तिलाही ‘बिहाइंड द लेन्स’ ही शेपटी होती. त्यात पापुआतले कोरोवाई लोक जमिनीपासून खूप उंच झाडावर घर बांधून राहायला जातात असं दाखवलं होतं. ते घर चित्रणासाठी बांधून घेतलं होतं आणि ते लोक तिथे राहत नव्हते, हे बीबीसीला 2018 साली कबूल करावं लागलं.

याहून सूक्ष्म गोष्ट संकलनाची. 2016 च्या ‘प्लॅनेट अर्थ 2’मधला गालापागोस बेटावरचा प्रसंग लाखोंनी पाहिला असेल: इग्वानाचं पिल्लू सापांच्या घोळक्यातून जीव घेऊन पळतं. 2017 साली ब्रिटनमध्ये प्रेक्षकांच्या मतांनी त्याला बाफ्टा पुरस्कार मिळाला. नंतर निर्मातीनेच सांगितलं, की दोन कॅमेऱ्यांनी टिपलेल्या वेगवेगळ्या पिल्लांच्या पळापळीतून तो प्रसंग जोडला आहे. त्यात फसवणूक नाही. साप खरे, पिल्लं खरी, पळणंही खरं. पण ‘एका पिल्लाची गोष्ट’ ही मात्र संकलकाची निर्मिती. डायरीत आपल्याला दिसतो घामाघूम कॅमेरामन. संकलक दिसत नाही.

आवाजाचंही तसंच. अर्ध्या किलोमीटरवरचं अस्वल लेन्सला दिसतं, माइकला त्याचं पाऊल ऐकू येत नाही. मग निसर्गपटात ऐकू येणारी पावलं, पंखांची फडफड, गवताची सळसळ बहुधा स्टुडिओत तयार होते. हे काम करणाऱ्याला फोली कलाकार म्हणतात. बर्फावर चालल्याचा कर्रकर्र आवाज कस्टर्ड पावडर दाबून काढतात. मला तरी हे बर्फातल्या तंबूइतकंच मनोरंजक वाटतं, पण डायऱ्यांच्या वाट्याला ते क्वचितच येतं. कारण उघड आहे. तंबू पाहून विश्वास वाढतो. कस्टर्ड पावडर पाहून तो डळमळेल अशी निर्मात्यांना भीती वाटते. अमेरिकी निर्माते ख्रिस पामर यांनी ‘शूटिंग इन द वाइल्ड’ या 2010 च्या पुस्तकात आपल्याच चित्रपटात पाळीव लांडगे भाड्याने आणल्याची कबुली दिली. अशी प्रामाणिक कबुली पुस्तकात येते, पडद्यावर अजून अपवादानेच.

आणि जागेचे माहीतगार? ‘प्लॅनेट अर्थ 2’च्या शहरांवरच्या भागात आपली मुंबई आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या काठावर रात्री डुकरांची शिकार करणारे बिबटे त्यात उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने दाखवले आहेत. बोरिवली, आरे, ठाणे इथल्या वाचकाला हा परिसर अपरिचित नाही. तिथल्या पाड्यांवरच्या वारली कुटुंबांत वाघोबाची पूजा होते आणि बिबट्या कोणत्या वाटेने उतरतो हे मुलांनाही ठाऊक असतं. अशा ज्ञानाशिवाय परदेशी चमू काही आठवड्यांत बिबट्यापर्यंत पोचू शकत नाही, मग कॅमेरा कितीही भारी असो. हिमबिबट्याच्या डायरीत निसार मलिक यांना जितकी जागा मिळाली, तितकी अशा लोकांना क्वचित मिळते. बहुतेक डायऱ्यांमध्ये दूरदेशातून आलेला माणूस सोसतो, आणि वाट दाखवणारा चौकटीच्या कडेला सामान उचलताना दिसतो.

पण चांगली बाजूही नोंदवायला हवी. 2018 च्या ‘डायनॅस्टीज’मध्ये अंटार्क्टिकातल्या आटका उपसागराजवळ वादळानंतर सम्राट पेंग्विन पिल्लांसह एका खोल घळीत अडकले. निसर्गात ढवळाढवळ करायची नाही हा या धंद्याचा जुना नियम. चमूने विचार केला आणि बर्फात उतार खोदला. त्यावरून पेंग्विन वर आले. हे त्यांनी झाकून ठेवलं नाही, खुद्द चित्रपटातच दाखवलं. त्यावर वाद झाला, पण तो घडलेल्या गोष्टीवर झाला, दडवलेल्या गोष्टीवर झाला नाही. 1972 च्या त्या ‘होरायझन’च्या जवळ जाणारा हा क्षण होता.

तेव्हा या डायऱ्या जरूर पाहाव्यात. फक्त त्या संपल्या की लगेच टीव्ही बंद करू नका. पुढे सरकत जाणारी श्रेयनामावली थांबवून वाचा. फोली कलाकार, संकलक, स्थानिक सहायक, वनखातं आणि कधी कधी एखाद्या प्राणिसंग्रहालयाचं नाव, हे सगळं तिथे बारीक अक्षरांत असतं.